बर्गे कधी काढायचे?

मागच्या पावसाळ्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मावसबहिणीने एक व्हिडिओ टाकला. अमेरिकेतल्या क्लॅमथ नदीवरचं धरण सुरुंग लावून फोडतायत आणि तुंबलेलं तपकिरी पाणी उसळत बाहेर पडतंय. खाली तिची ओळ, "बघा, अमेरिका धरणं पाडतेय आणि आपण अजून नदीला भिंती घालतोय." दहा मिनिटांत मामेभावाचं उत्तर आलं. दादा पुण्यात सिंहगड रोडला, राजाराम पुलाच्या अलीकडे राहतो. जुलै २०२४ मध्ये खडकवासला धरणातून पाणी सुटलं आणि एकतानगरीत घराघरांत शिरलं, तेव्हा त्याच्याही सोसायटीचं पार्किंग बुडालं होतं. त्याने लिहिलं, "धरणं पाडा म्हणणाऱ्यांनी एक रात्र आमच्याकडे झोपायला या. भिंत बांधत असतील तर मला चालेल." मग दोघांनी मला ओढलं. तू तिकडे राहतेस, धरणं पाडलेल्या एल्व्हा नदीवर जातेस, तू सांग.

ग्रुपवर दोन ओळींत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून सविस्तर लिहिते. पुण्याची धरणं पाडावीत असं मला वाटत नाही. पण धरण गेल्यावर काठावर झाडं कशी परततात हे मी इथे बारा वर्षांहून जास्त काळ बघते आहे, आणि त्यातून जे कळलं ते धरण जागेवर ठेवूनही पुण्यात वापरता येईल. आपल्याकडच्या नदीकाठ सुधार योजनेच्या वादात नेमकी हीच गोष्ट कुणी बोलत नाही.

मी सिएटलजवळ राहते. पोटापाण्याचं काम वेगळंच आहे, पण पुण्यात वनस्पतिशास्त्रात बी. एस्सी. केलं होतं आणि ती सवय सुटलेली नाही. एल्व्हा नदी इथून बोटीने खाडी ओलांडून, पुढे दोन-अडीच तास गाडीने गेलं की ऑलिंपिक द्वीपकल्पाच्या उत्तर टोकाला लागते. जेमतेम ७२ किलोमीटर लांबीची, बर्फाच्या डोंगरांतून थेट समुद्राला मिळणारी नदी. तिच्यावर दोन धरणं होती. खालचं एल्व्हा धरण १९१३ चं, ३३ मीटर उंच. वरचं ग्लाइन्स कॅन्यन १९२७ चं, ६४ मीटर. दोन्ही विजेसाठी, आणि ती वीज मुख्यतः पोर्ट अँजेलिसच्या लाकूड-कागदाच्या गिरण्यांना जायची. माशांना वर चढायला वाटच ठेवलेली नव्हती, त्यामुळे समुद्रातून येणारा सॅमन मुखाजवळच्या आठेक किलोमीटरमध्ये अडकून राहिला. तिथल्या क्लॅलम या आदिवासी जमातीचं पोट आणि देवधर्म दोन्ही त्या माशावर. त्यांनी पिढ्यान् पिढ्या हा विषय लावून धरला, १९९२ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा केला, आणि प्रत्यक्ष पाडकाम सुरू व्हायला सप्टेंबर २०११ उजाडला. ऑगस्ट २०१४ मध्ये शेवटचा तुकडा गेला. सगळा खर्च साधारण साडेबत्तीस कोटी डॉलर.

मी पहिल्यांदा गेले ती २०१२ च्या शरद ऋतूत. खालचं धरण गेलेलं, तलाव रिकामा. मी गाळात उभी राहिले आणि मला खरंच रडू आलं, कारण ते सुंदर अजिबात नव्हतं. राखाडी, भेगाळलेला, मैलभर पसरलेला चिखल. त्यातून वर आलेले प्रचंड बुंधे. शंभर वर्षांपूर्वी तलाव भरण्याआधी तोडलेल्या सीडर वृक्षांचे ते बुंधे पाण्याखाली जसेच्या तसे राहिले होते. काहींवर तर लाकूडतोड्यांनी उभं राहायला फळी खोचण्यासाठी पाडलेल्या खाचासुद्धा शाबूत. दोन्ही धरणांमागे मिळून दोन कोटी घनमीटरांहून जास्त गाळ साचला होता. त्यातला बराच नदीने पुढच्या काही वर्षांत समुद्राकडे नेला, पण काठांवर त्याचे उंच पायरीसारखे थर मागे राहिले. झाडं आता उगवायची ती त्याच्यावर.

खरं शिक्षण तिथे सुरू झालं. जिथे गाळ बारीक होता, म्हणजे आपल्या पोयट्यासारखा, तिथे काहीही न लावता पहिल्या दोन हंगामांतच विलो, कॉटनवुड आणि आल्डरची रोपं इतकी दाट उगवली की पाय ठेवायला जागा नाही. जिथे वाळू आणि गोटे होते, तिथे वर्षानुवर्षं उजाड. वर तेच आकाश, तोच पाऊस, आणि दोन जागांत अंतर हाकेचं. फरक फक्त ओल धरण्याचा. भरड गाळातून पाणी निथळून जातं, उन्हाळ्यात वारा सुटतो, आणि उगवलेलं रोप आठवड्यात करपतं.

तिथे राष्ट्रीय उद्यानाच्या आणि क्लॅलम जमातीच्या माणसांनी जे केलं ते आपल्या शेतकऱ्याला लगेच कळेल. त्यांनी भरड गाळावर स्थानिक ल्युपिनचं बी पेरलं. ल्युपिन म्हणजे जांभळ्या फुलांचं शेंगवर्गीय रोप, मुळांवर नत्राच्या गाठी. आपण ताग किंवा धैंचा पेरून जमिनीत गाडतो, तोच विचार. काही वर्षांत त्या दगडगोट्यांवर जांभळे पट्टे दिसायला लागले आणि मग त्यांच्या आडोशाने बाकीची रोपं. दुसरी युक्ती म्हणजे ओंडके. उघड्या थरांवर मोठमोठे लाकडी ओंडके नेऊन ठेवले. ओंडक्याच्या सावलीच्या बाजूला ओल टिकते, पक्षी येऊन बसतात आणि त्यांच्या विष्ठेतून बी पडतं. मी एका ओंडक्याच्या उत्तर बाजूला बसून रोपं मोजली होती, दक्षिण बाजूला तेवढ्याच जागेत एकही नव्हतं.

आणि बी कुठून आणलं? त्याच नदीच्या खोऱ्यातून. सेक्विम गावाजवळच्या उद्यानाच्या रोपवाटिकेत मी काही शनिवार कुंड्या भरायला गेले आहे. एल्व्हाच्या खोऱ्याबाहेरचं बी तिथे चालत नाही. शेजारच्या नदीकाठचं तेच झाड असलं तरी नाही. सुरुवातीला मला हे सोवळं वाटलं. नंतर समजलं, की शंभर वर्षं या काठांवर नेमकं हेच तुटलं होतं. नदी बी वाहून नेते. काठावरच्या झाडांचं बी पाण्यावर तरंगत खाली जातं आणि पूर ओसरताना जिथे टेकतं तिथे रुजतं. धरण मध्ये आलं की ही टपालसेवाच बंद पडते. एल्व्हावर धरण असताना अभ्यासकांनी वरच्या आणि खालच्या पट्ट्यात वाहणारं बी गाळून मोजलं होतं. धरणाच्या खाली बीही कितीतरी कमी आणि जातीही कमी. आपण धरणाला गाळ आणि मासे अडवणारी भिंत म्हणून ओळखतो. बी अडवणारी भिंत हा विचार माझ्या तरी डोक्यात कधी आला नव्हता.

हे सगळं साजरं करण्यासारखं आहे, पण व्हिडिओ फिरवणारे पुढचं सांगत नाहीत. धरण गेलं की पहिलं जे उगवतं ते आपल्याला हवं तेच असेल याची खात्री नसते. विस्कॉन्सिन राज्यात अनेक छोटे जुने बांध काढले गेले, आणि तिथल्या तलावांच्या तळावर पहिल्याच हंगामात हिरवळ आली. पण कित्येक ठिकाणी ती रीड कॅनरी गवताची, एकसुरी. त्या गवताने एकदा घट्ट बस्तान बसवलं की झाडांना शिरकाव मिळायला दशकं लागतात. एल्व्हावर हिमालयन ब्लॅकबेरीचं संकट आहे. नाव हिमालयाचं, मूळ आर्मेनियाकडचं, आणि काटे असे की हातमोजे फाटतात. शिवाय जुन्या तलावाच्या कडेला, तलावाच्या ओलीवर वाढलेली झाडं असतात. पाणी गेलं की त्यांच्या मुळाखालची ओल उतरते आणि ती सुकतात. म्हणजे धरण काढण्यातही काही झाडांचा बळी जातो, हे मान्य करून पुढे जावं लागतं. क्लॅमथवर काम करणारे हे आधीच्यांकडून शिकून उतरले. जानेवारी २०२४ मध्ये तिथले तलाव रिकामे करायला घेतले आणि चिखल ओला असतानाच, भेगा पडण्याआधी, स्थानिक बी हाताने आणि हेलिकॉप्टरमधून पेरलं. ते बी तिथल्या आदिवासी जमातींची माणसं आधी काही वर्षं डोंगरांतून गोळा करत होती. सुरुंगाचा व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचा आहे, पण त्याच्या मागे बी वेचणारे हात होते.

आता मावसबहिणीला. पुण्यात असं काही करता येणार नाही आणि करू नये. एल्व्हाची दोन धरणं गिरण्यांना वीज देत होती, ती वीज दुसरीकडून आणता आली. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून जे सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठतं ते पुण्याच्या नळाला येतं आणि दौंड-इंदापूरच्या शेतीला जातं. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि आठ महिने वाट बघणं. इथल्या डोंगरात हिवाळ्याचा बर्फ साठतो आणि उन्हाळ्यात हळूहळू वितळतो, निसर्गच धरणाचं काम करतो. सह्याद्रीला ती सोय नाही. मी चोवीस वर्षं खडकवासल्याचं पाणी प्यायले आहे आणि ते विसरून इथून सल्ला देणं मला शोभणार नाही. इथेही सगळं एकमताने चालतं असं नाही. याच राज्याच्या पूर्व भागात लोअर स्नेक नदीवरच्या चार धरणांचा वाद अनेक वर्षं चालू आहे, आणि तिथल्या गव्हाच्या शेतकऱ्यांचं म्हणणं दादाच्या म्हणण्यासारखंच आहे.

दुसरं एक कारण आहे, ते कागदावर येत नाही. "धरण फुटलं" या दोन शब्दांचा पुण्यात अर्थ वेगळा आहे. १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं, आणि पेठांत पाणी शिरलं. आजी तेव्हा नारायण पेठेत राहायची. दोन पोरांना घेऊन ती वरच्या अंगाला पळाली आणि परत आली तेव्हा वाड्याची मागची भिंत तेवढी उभी होती. पुढे त्यांना गोखलेनगरात पूरग्रस्तांच्या वसाहतीत जागा मिळाली, माझी आई तिथेच वाढली. आजी शेवटपर्यंत जुलैत रेडिओवर खडकवासल्याची पातळी ऐकल्याशिवाय झोपायची नाही. अशा घरात धरण पाडण्याचा व्हिडिओ आनंदाने बघितला जाईल अशी अपेक्षा करू नये.

आणि धरणाला विरोध म्हणजे परदेशातून आलेलं खूळ, असंही कुणी समजू नये. आपल्याच जिल्ह्यात, मुळशीत, सेनापती बापटांनी १९२१ पासून शेतकऱ्यांना घेऊन सत्याग्रह केला होता. जगातल्या धरणविरोधी लढ्यांत तो अगदी सुरुवातीचा. तेही धरण विजेसाठीच होतं, आणि मुळशीचं पाणी आजही घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरातून कोकणाकडे जातं. क्लॅलम लोकांची आणि मावळ्यांची जमीन साधारण एकाच काळात पाण्याखाली गेली. हे मी इथल्या एका क्लॅलम बाईंना सांगितलं, तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, मावळे परत गेले का?

आता दादाला, आणि हे जास्त अवघड आहे, कारण बुडालेलं पार्किंग त्याचं होतं.

नदीकाठ सुधार योजना म्हणजे मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटरचा नदीपट्टा, खर्चाचा अंदाज ४,७०० कोटींच्या घरात. काठाला बांधीव कडा, वर फिरायला रस्ते, हिरवळ, आणि शहरात पाणी भरलेलं दिसावं म्हणून ते अडवायची बंधाऱ्यांची सोय. एप्रिल २०२३ मध्ये हजारो पुणेकर झाडांसाठी "चलो चिपको" म्हणत रस्त्यावर उतरले ते याच योजनेमुळे. त्या वादात एका बाजूने किती झाडं तुटणार हा आकडा येतो आणि दुसऱ्या बाजूने त्याच्या कितीपट लावणार हा आकडा येतो. मला दोन्ही आकडे ऐकून अस्वस्थ व्हायला होतं. नदीकाठचं झाड म्हणजे नदीशेजारी लावलेलं झाड नव्हे. वाळुंज, करंज, उंबर, अर्जुन, जांभूळ, खडकांच्या फटीतली शेरणी, कडेची लव्हाळी, यांतलं प्रत्येक जण पाण्याच्या चढउताराशी बांधलेलं आहे. करंजाची शेंग पुरात तरंगते आणि पूर ओसरताना काठाला लागते. वाळुंजाचं कापसासारखं बी पाऊस संपल्यावर उडतं आणि त्याला उघडा ओला गाळ लागतो, तोही लगेच, कारण ते बी फार दिवस जिवंत राहत नाही. शेरणी तर पावसाळाभर पाण्याखाली आडवी पडते आणि नंतर उठून उभी राहते. तिची मुळं दगडात असतात आणि फांद्या दोरीसारख्या चिवट. बांधीव काठ आणि वर्षभर एकाच पातळीचं पाणी, या दोन गोष्टी एकत्र आल्या की यांतल्या एकाचंही पोर त्या काठावर जन्माला येणार नाही. मोठी झाडं वाचवली तरी ती शेवटची पिढी ठरेल. मग तिथे पालिकेची रोपं लावा, पाणी घाला, छाटा. ती बाग होईल. पुण्याला बागा हव्यातच, पण त्यासाठी नदी खर्ची घालायची गरज नाही.

आज मुठेच्या पात्रात जे हिरवं दिसतं त्याकडेही नीट बघायला हवं. म्हात्रे पुलावरून खाली बघितलं तर पाणकणीस, जलपर्णी, बेशरम, काठावर सुबाभूळ आणि घाणेरी, राडारोड्याच्या ढिगांवर गाजर गवत. (गाजर गवत देशात पहिल्यांदा ठळकपणे नोंदलं गेलं तेही १९५० च्या दशकात पुण्यातच.) पावसाळ्यानंतर धरणातलं पाणी कालव्यात जातं आणि शहरातल्या मुठेत उरतं ते बहुतेक सांडपाणी. साचलेलं, खतासारखं पाणी आणि न बदलणारी पातळी, यावर जी मंडळी पोसतात तीच तिथे आहेत. यात झाडांचा काही दोष नाही. आपण ज्यांना बोलावलं तीच आली.

म्हणून माझा मुद्दा धरण असावं की नसावं हा नाहीच. मुद्दा आहे पाणी उतरतं कसं.

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात ओल्डमन आणि सेंट मेरी नद्यांवर धरणं आहेत, आणि विशेषतः सेंट मेरीच्या धरणाखालची कॉटनवुडची जंगलं मरत चालली होती. अभ्यासकांनी शोधलं की रोपं उगवतात, पण पूर ओसरताना पाणी इतक्या झपाट्याने खाली जातं की रोपाचं मूळ ओलीच्या मागे धावू शकत नाही. त्यांनी एक आकडा काढला, दिवसाला साधारण अडीच सेंटिमीटर. पाण्याची पातळी याहून सावकाश उतरली तर मूळ तिच्याबरोबर खाली जातं आणि रोप जगतं. त्याहून वेगाने उतरली तर मरतं. मग १९९० च्या दशकात तिथल्या धरणचालकांनी पुरानंतर दरवाजे एकदम बंद न करता विसर्ग टप्प्याटप्प्याने कमी करायला सुरुवात केली, आणि काठांवर नवी पिढी उभी राहिली. नेवाडातल्या ट्रकी नदीवर तर हे झाडांसाठी ठरवूनही केलेलं नव्हतं. एका दुर्मीळ माशाच्या विणीसाठी वसंतात पाणी सोडलं, आणि अनेक वर्षं न दिसलेली कॉटनवुड-विलोची रोपं आपसूक उगवून आली. या ठिकाणी धरणाची एक वीटही कुणी हलवलेली नाही.

अडीच सेंटिमीटर हा आकडा कॉटनवुडचा आहे. वाळुंजाचा, करंजाचा आकडा आपल्याला आपल्या काठावर मोजावा लागेल. पण दिशा कळायला तो पुरेसा आहे. मुठेत काय होतं ते प्रत्येक पुणेकराने पाहिलंय. खडकवासल्यातून काही हजार क्युसेक्स (सेकंदाला तितके घनफूट पाणी) सुटतात, पात्रातला बुटका भिडे पूल पाण्याखाली, सगळे बघायला जातात. पाऊस थांबला, दरवाजे मिटले, आणि दुसऱ्या दिवशी पूल कोरडा, गाड्या चालू. पाणी मीटरभर, दोन मीटर एका दिवसात उतरतं. काठावर ताजा गाळ असतो, बी असतं, आणि त्याच्या पायाखालचा गालिचा ओढून घेतलेला असतो.

मी हिशेब मांडून पाहिला. समजा चांगल्या पावसाचं वर्ष आहे, चारही धरणं भरली आहेत आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला मुठेत ५०० क्युसेक्स चालू आहे. ते एका दिवसात बंद न करता वीस दिवसांत उतरवत शून्यावर आणलं, तर सरासरी २५० क्युसेक्स धरून वीस दिवसांत ०.४३ टीएमसी पाणी जाईल. २९ टीएमसीच्या दीड टक्का. तेही खाली उजनीकडेच जाणार आहे, समुद्रात नाही. दुष्काळी वर्षात हे करू नये, आणि दर वर्षीही करायची गरज नाही. नदीकाठच्या झाडांची नवी पिढी पाच-दहा वर्षांतून एखादी साधली तरी रान टिकतं. माझ्या माहितीतल्या पुण्याच्या कुठल्याही सभेत, कालवा समितीच्या कुठल्याही बातमीत हा प्रश्न मी कधी ऐकलेला नाही, आणि त्याला ४,७०० कोटी लागत नाहीत.

आपल्याकडे "पाणी अडवा, पाणी जिरवा" ऐकत दोन पिढ्या मोठ्या झाल्या आहेत. त्यामुळे बंधारा मोकळा करा म्हटलं की पाप केल्यासारखं वाटतं. पण पाणी अडवण्याची आपली सगळ्यांत देशी रीत आठवा, कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. नदीत खांब, खांबांच्या खाचांत बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या. पावसाळा तोंडावर आला की बर्गे काढून काठावर रचतात, पूर गाळासकट, बियांसकट खांबांमधून निघून जातो, आणि ऑक्टोबरात शेवटचं पाणी धरायला बर्गे परत बसवतात. बर्गे काढायला उशीर झाला की काय होतं हे गावात पोरालाही माहीत असतं, पाणी बाजूने काठ फोडून जातं. दर वर्षी चार महिने स्वतःहून बाजूला होणारं धरण आपल्या गावोगावी आहे, आणि शहरातल्या आराखड्यांत मात्र आपण नदीला बारमाही तलाव करायला निघालो आहोत. शहरातल्या मुठेला तर अडवून साठवण्याची गरजही नाही. ते पाणी कुणी पिणार नाही, शेताला देणार नाही. अडवलं तर सांडपाणी अडेल आणि जलपर्णी वाढेल, एवढंच. बंडगार्डनचं नावच बंधाऱ्यावरून पडलं, तो एकोणिसाव्या शतकातला बंधारा वारसा म्हणून राहू दे. पण त्यात नवे घालू नयेत, आणि जे जुने, मोडके, निरुपयोगी आडवे बांध पात्रात पडून आहेत ते हळूहळू काढावेत असं माझं ठाम मत आहे.

हळूहळू यासाठी, की त्यांच्या मागे साचलंय ते एल्व्हाच्या डोंगरातले स्वच्छ रेतीगोटे नव्हेत. शहराचा अनेक वर्षांचा मैला, कारखान्यांचं काय काय, प्लास्टिक. आधी तो गाळ तपासावा लागेल आणि वाईट असेल तर उपसून न्यावा लागेल. आणि उघड्या पडलेल्या चिखलावर विस्कॉन्सिनसारखी गत होणार हे धरूनच चाला. आपल्याकडे पहिलं येईल ते गाजर गवत आणि बेशरम. त्यांच्या आधी आपलं बी तिथे पोचलं पाहिजे, आणि ते मुठेच्याच वरच्या अंगाचं, टेमघर-पानशेतकडच्या ओढ्यांतलं वेचलेलं. पुण्यात हे करायला माणसं नाहीत असं कुणी म्हणू नये. विठ्ठलवाडीच्या काठावर जीवितनदी या संस्थेची मंडळी वर्षानुवर्षं सुट्टीच्या दिवशी येऊन प्लास्टिक काढतात, झाडं ओळखतात, नोंदी ठेवतात. पर्यावरणतज्ज्ञ प्रकाश गोळे यांनी उभ्या केलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीतून तयार झालेले कितीतरी जण याच नद्यांवर काम करतात. नुसत्या रोपलावणीच्या ठेक्यापेक्षा अशा माणसांच्या हाती दोन किलोमीटर काठ देऊन दहा वर्षं बघावं.

दादाचा प्रश्न मात्र उरतोच. झाडांनी माझं पार्किंग वाचेल का? नाही, दादा. तीस-पस्तीस हजार क्युसेक्सपुढे वाळुंज काही करू शकत नाही. पण भिंतही तुला वाटतं तेवढं करत नाही. तुझ्या बाजूला भिंत घातली की पाणी पलीकडे कर्वेनगरच्या अंगावर जाईल, मग तेही भिंत मागतील, आणि दोन भिंतींमध्ये मावेना झालेलं पाणी खाली पेठांकडे चढेल. आजीच्या पेठांकडे. पुराला लागते ती जागा. ती जागा निळ्या पूररेषेच्या, म्हणजे पूर येतो तिथवर आखलेल्या सरकारी हद्दीच्या, आत होती आणि तिच्यावर भराव पडला, राडारोडा पडला, बांधकामं झाली. तुझी सोसायटी ज्याने बांधली त्याने तुला हे सांगितलं नाही, हा तुझ्यावरचा अन्याय आहे आणि त्याबद्दल तू भांडायलाच हवंस. इंजिनिअर लोक म्हणतात की पात्रातली झाडं पुराला अडथळा करतात, तेही काही अंशी खरं आहे. पण त्यात भेद आहे. सुबाभूळ मोडते आणि पुलाच्या कमानीत जाऊन अडकते. लव्हाळी, शेरणी, कोवळी वाळुंज झोपतात आणि पाणी त्यांच्यावरून जातं, खालची माती जागेवर राहते. ग्लाइन्स कॅन्यनच्या खाली मी पूर गेल्यानंतर आठवड्याने गेले होते. विलोची झुडपं खालच्या अंगाला झुकलेली, फांद्यांत कचरा, आणि त्यांच्या मुळांमागे बोटभर नवा गाळ.

हे सगळं मी दादाला फोनवर सांगितलं. तासभर बोललो. त्याला भिंत नको असं त्याने म्हटलं नाही, आणि मी ते त्याच्याकडून वदवून घेणारही नाही. त्याने एकच विचारलं, "आपल्याकडे दिवसाला किती उतरतं ते कुणी मोजलंय का?"

या ऑक्टोबरात मी तीन आठवडे पुण्यात आहे. विठ्ठलवाडीच्या खाली, देवळाच्या घाटापासून थोडं पुढे, जिथे अजून मातीचा काठ आहे तिथे आम्ही दोघं एक लोखंडी पट्टी रोवणार आहोत, सेंटिमीटरच्या खुणा केलेली. पट्टीशेजारी वीतभर गाळात किती रोपं उगवली तीही मोजायची. मी असेपर्यंत रोज सकाळी मी वाचीन. मी सिएटलला परत आल्यावर दादा वाचेल, ऑफिसला जाताना, आणि ग्रुपवर टाकेल.